स्वतःवर माया करणं कोणाला जमतं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसादाचे द्रोण मागच्या टेबलावर मांडलेले सगळ्यांना दिसताहेत, आणि त्यांच्या आड येण्याची आमची इच्छा नाही. अर्ध्या तासात आटोपतो.

माइकसमोर एकच जण उभा आहे, पण भाषण दोघांचं आहे. आम्ही नवरा-बायकोनं ते जेवणाच्या टेबलावर बसून, एकमेकांची वाक्यं खोडत लिहिलं आहे, म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. आमच्यापैकी एक राज्य शासनात उपयंत्री आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमाधारक. दुसरी घर सांभाळून लहान मुलांच्या शिकवण्या घेते. मानसशास्त्राची पदवी दोघांकडेही नाही. तरी हा विषय घेतला, त्याला एका वहीचं पान कारण झालं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक अकरावीत होती. दिवाळीच्या आधी किराण्याची यादी करायला कोरा कागद हवा होता, म्हणून तिची जुनी रफ वही उचलली. मागच्या पानावर तिच्या अक्षरात अर्धं हिंदी, अर्धं मराठी लिहिलेलं होतं. फिजिक्समध्ये 70 पैकी 21. खाली ओळीनं : 'तू मूर्ख आहेस. तुझ्याच्यानं काही होणार नाही. सबको हो जाता है, तुझे ही नहीं होता. एवढंही जमत नाही?' शेवटचं वाक्य तीन वेळा, पेन दाबून लिहिलेलं. सहामाहीचा तो पेपर तिनं आम्हाला दाखवलाच नव्हता.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहिलो. पहिला विचार असा आला की हिला हे कोण बोललं? शिक्षक? मैत्रिणी? कारण आम्ही तिला मार्कांवरून कधी रागावलो नव्हतो. याचा आम्हाला थोडा अभिमानही होता. आमच्या लहानपणी मार्कांवरून जे ऐकलं ते तिला ऐकवायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

मग ते तीन वेळा लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचलं. 'एवढंही जमत नाही?' हे आमच्या घरातलंच वाक्य आहे. स्कूटरची किल्ली सापडली नाही की, ऑफिसचा कागद घरी राहिला की, भात खाली लागला की आम्ही दोघंही हेच म्हणतो, आणि स्वतःलाच म्हणतो. तिला आम्ही कधी बोललो नव्हतो. स्वतःला मात्र सोळा वर्षं तिच्यासमोर बोलत आलो होतो, आणि ती ऐकत होती.

त्या पानानंतर आम्ही या विषयावर वाचायला लागलो. जे कळलं, त्यातलं आपल्या सगळ्यांच्या घराशी जुळेल तेवढंच आज सांगतो.

इंग्रजीत ज्याला 'सेल्फ-कम्पॅशन' म्हणतात त्याला मराठीत आत्मकरुणा असा शब्द वापरतात. घरगुती भाषेत आम्ही त्याला 'स्वतःवर माया' म्हणतो. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी बौद्ध विचारातून ही कल्पना घेतली आणि 2003 साली ती मोजण्यासाठी 26 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानापुढे आपण 1 ते 5 असा आकडा लिहायचा. मोजमाप म्हटल्यावर आमच्यातल्या उपयंत्र्याला विषयात लगेच गोडी वाटली.

नेफ यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात. चूक झाली, अपयश आलं, तर स्वतःशी मायेनं वागणं, ही पहिली. चुकणं, हरणं हे माणसाच्या जन्माला लागूनच आलेलं आहे, आपण एकटेच नालायक नाही, हे लक्षात ठेवणं, ही दुसरी. आणि जे दुखतंय ते न दडवता, न फुगवता, आहे तेवढंच पाहणं, ही तिसरी. लेकीच्या पानावर तिन्हीच्या उलट लिहिलेलं होतं. मायेच्या जागी शिवी होती, 'सबको हो जाता है, तुझे ही नहीं होता' यात एकटेपण होतं, आणि एका पेपरवरून 'काही होणार नाही' असा सगळ्या आयुष्याचा निकाल होता.

आता मुख्य प्रश्न. ही माया सगळ्यांकडे सारखी असते का? पुरुष-बाई, तरुण-म्हातारे, हा देश-तो देश, यांत फरक पडतो का? अभ्यास सांगतात की पडतो. आमच्या घरात तो डोळ्यांसमोर होता, पण आम्हाला दिसला नव्हता.

पुरुष आणि बाईपासून सुरुवात करू. वहीच्या आधीच्या वर्षी श्रावणात आमची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. वय 76. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, महिनाभर घर दवाखान्याच्या वेळापत्रकावर चाललं. ती पडली तेव्हा सून नात्यातल्या मंगळागौरीला गेली होती. मुलगा घरीच होता, बाहेरच्या खोलीत मोबाइलवर मॅच बघत. आता बघा, आमच्यापैकी जो घरी होता त्याला वाईट वाटलं, त्यानं धावपळही केली, पण रात्री त्याला झोप लागत होती. जी घरी नव्हती ती मात्र पुढे वर्षभर म्हणत राहिली, 'मी गेलेच नसते तर.' त्या साली घेतलेली मंगळागौरीची साडी तिनं पुन्हा नेसली नाही. दवाखान्यात भेटायला आलेल्यांनीही तिलाच विचारलं, 'तू कुठे होतीस गं?' मॅच बघणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. गंमत म्हणजे आमच्याही ते तेव्हा लक्षात आलं नाही. या भाषणासाठी लिहायला बसलो तेव्हा आलं, आणि थोडा वेळ टेबलावर कोणी बोललं नाही.

2015 साली नेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. पुरुषांमध्ये स्वतःवरची माया स्त्रियांपेक्षा थोडी जास्त निघाली. किती थोडी? त्यांच्या हिशेबात फरक 0.18 भरला. साध्या भाषेत सांगायचं तर मधोमधचा पुरुष घेतला तर तो 100 पैकी साधारण 57 स्त्रियांच्या वर असतो. काहीच फरक नसता तर तो आकडा 50 आला असता. म्हणजे फरक आहे, पण लहान आहे. स्वतःला रात्रंदिवस फटके मारणारे पुरुष आहेत आणि स्वतःला सहज माफ करणाऱ्या बायकाही आहेत. म्हणून उद्या कोणी घरी जाऊन 'बायकांचा स्वभावच असा' म्हणू नये. 0.18 मध्ये तेवढा दम नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गटांत अल्पसंख्य समाजातले लोक जास्त होते, तिथे स्त्री-पुरुषांमधला हा फरक वाढला होता. ते समाज वेगळे, त्यांची दुःखं वेगळी, आपली त्यांच्याशी बरोबरी करता येणार नाही. पण जो समाज दुसऱ्यांच्या गावात संख्येनं थोडा असतो, तिथे घराचं नाव राखायचं काम बहुतेक कोणाच्या डोक्यावर जातं, हे समोर बसलेल्या काकूंना आम्ही सांगायची गरज नाही.

2019 च्या एका अभ्यासात याच मंडळींपैकी काहींनी पाहिलं की ज्यांच्यात ठामपणा आणि हळवेपणा दोन्ही भरपूर असतात, त्यांच्यात, मग तो पुरुष असो की स्त्री, ही माया जास्त सापडते. मुलीला फक्त सोसायला आणि मुलाला फक्त लढायला शिकवलं, तर दोघांचंही नुकसान होतं, असा त्याचा अर्थ आम्ही लावला.

आता वय. उत्तर अमेरिकेत आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांत साधारण असं दिसतं की वयाबरोबर स्वतःवरची माया थोडी थोडी वाढत जाते. सर्वांत कमी कोणाकडे? 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या सातवी ते बारावीच्या मुलामुलींच्या अभ्यासात ती वरच्या वर्गांतल्या मुलींकडे सर्वांत कमी आढळली. हे वाचलं तेव्हा आमच्यासमोर ती रफ वही होती.

आणि दुसऱ्या टोकाला आमची आई. सून रडायला लागली की वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि म्हणायची, 'अगं, पाय माझा घसरला. तू काय तिथे साबण लावून गेली होतीस? चहा टाक बघू.' ही तीच बाई, जी तरुणपणी आत्याच्या केळवणात पुरण करपलं म्हणून दहा वर्षं त्याच गोष्टीवर डोळ्यांत पाणी आणायची. आम्ही तिला विचारलं, 'हे कधी बदललं?' म्हणाली, 'कधी ते कळलं नाही. ज्यांच्या बोलण्याला भीत होते ते एकेक करून गेले. मग भ्यायला उरलं कोण?' 2012 सालच्या ज्येष्ठांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं की ज्यांच्या मनात स्वतःबद्दल माया असते, त्यांना कोणाची मदत, कशाचा आधार घ्यावा लागला तर त्याचा कमी त्रास होतो. आईनं वॉकर पहिल्या दिवसापासून न लाजता घेतला. गेल्या वर्षी त्याला फुलांची माळ बांधून ती याच मंडपात आरतीला आली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल.

तिसरी गोष्ट गावाची, संस्कृतीची. आपण सहज म्हणतो की पूर्वेकडचे लोक नम्र, स्वतःला कमी लेखणारे, आणि पश्चिमेकडचे स्वतःवर खूश. 2008 साली नेफ आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, थायलंड आणि तैवान इथल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. सर्वांत जास्त माया थायलंडमध्ये, सर्वांत कमी तैवानमध्ये, आणि अमेरिका मधे. दोन्ही आशियाई देश दोन टोकांना! संशोधकांनी त्याचं कारण असं सुचवलं की थायलंडमधल्या बौद्ध वळणाच्या जगण्यात करुणेला रोजच्या व्यवहारात जागा आहे, तर तैवानमधल्या कन्फ्यूशियसच्या परंपरेत स्वतःच्या उणिवा काढत राहणं हा सुधारण्याचा मार्ग मानतात. मात्र एक गोष्ट तिन्ही देशांत सारखी निघाली. ज्याच्याकडे ही माया जास्त, त्याच्यात उदासी कमी आणि समाधान जास्त.

आपण यात कुठे? आपल्या प्रश्नावल्या कोणी भरून घेतलेल्या नाहीत, म्हणून आकडा सांगणार नाही. घरातलं सांगतो. आपल्यापैकी कितीतरी घराणी होळकरांच्या चाकरीत माळव्यात आली. कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी करून इंदुरात रुजली. आपण 'मराठी लोग सीधे होते हैं, हिसाब के पक्के' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आणि त्याचा आनंद मानला. आनंद मानावा असंच ते आहे. पण त्या कौतुकाचं ओझंही होतं. 'परक्या मुलखात आहोत, आपल्याकडून चूक व्हायला नको,' हे आजोबा वडिलांना म्हणाले, वडील आम्हाला म्हणाले. परका मुलूख केव्हाच आपला झाला. पोहे-जिलेबीशिवाय आपली सकाळ होत नाही, भांडतानाही आपण हिंदीत भांडतो. तरी ते वाक्य घरात राहून गेलं.

शेवटची पायरी नोकरीची आणि शिक्षणाची. ही फक्त अनुभवातून सांगतो. आम्ही डिप्लोमावाले. पदवीवाल्यांच्या खाली काम करणारे, पदोन्नतीची जास्त वर्षं वाट पाहणारे. काही वर्षांपूर्वी माप-पुस्तिकेत, म्हणजे आमच्या बोलीतल्या एमबीत, खोदाईची खोली 1.20 मीटरऐवजी 2.10 लिहिली गेली. बिल निघण्याआधी तपासणीत ती सापडली, एका रुपयाचंही नुकसान झालं नाही, पण लेखी स्पष्टीकरण मागवणारा कागद आला. आमच्यापैकी जो आईच्या पडण्यानंतर शांत झोपला होता, तो त्या कागदानंतर तीन आठवडे नीट झोपला नाही. त्याच सुमारास एका वरिष्ठ साहेबांच्या अंदाजपत्रकात याहून मोठी चूक निघाली. ते हसले, चहा मागवला, 'सुधार लेंगे' म्हणाले. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, उलट त्यांचं बरोबरच होतं. पण त्यांच्या चुकीला लोक 'चूक' म्हणाले. आमच्या चुकीला आम्हीच 'आपली लायकीच तेवढी' म्हणालो.

हे सगळं एका कागदावर मांडलं तेव्हा आम्हाला एक गोष्ट दिसली, आणि आजच्या भाषणाचा ऐवज तेवढाच आहे. माणूस सगळ्याच बाबतींत स्वतःशी कठोर नसतो. समाजानं ज्या जागी त्याची किंमत ठरवली, नेमक्या त्या जागी तो स्वतःला सोडत नाही. सुनेची किंमत घरात ठरते, म्हणून ती घरात स्वतःला सोडत नाही. नोकरदार पुरुष ऑफिसात सोडत नाही. अकरावीच्या पोरीची किंमत मार्कांवर आणि दिसण्यावर ठरते, म्हणून तिला दोन्हीकडून मार. म्हातारीची किंमत करायचं लोक थांबवतात, आणि तिला एकदाचं मोकळं वाटतं. वय, लिंग, शिक्षण, गाव यांचे आकडे वेगवेगळे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी हे एकच आहे असं आम्हाला वाटतं.

आता इथे काका मंडळींच्या मनात आलेला प्रश्न आम्हाला दिसतो आहे. 'असे स्वतःचे लाड करायला लागलं, तर पोरं अभ्यास कशाला करतील?' हीच शंका आम्हालाही होती. 2012 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या जुलियाना ब्राइन्स आणि सरीना चेन यांनी ती तपासली. विद्यार्थ्यांना शब्दांची एक अवघड परीक्षा दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. मग काहींना असं सांगितलं की अशी परीक्षा अवघड जाणं साहजिक आहे, स्वतःवर फार कडक होऊ नका. काहींचा आत्मविश्वास वाढेल असं बोलले. काहींना काहीच सांगितलं नाही. पुढच्या परीक्षेआधी सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं. कारण समजायला सोपं आहे. ज्याला स्वतःच्या शिव्यांची भीती असते तो चुकलेला पेपर लपवतो. जो भीत नाही तो पेपर उघडून बघतो, कुठे चुकलं ते शोधतो. आमच्या लेकीनं पेपर लपवला होता. तो बघितलाच नाही, तर चूक कळणार कशी?

मग आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. त्या रात्री वहीबद्दल तिच्याशी बोललो. वही बघितल्याबद्दल आधी माफी मागितली. ती रागावली, रडली, दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानं एमबीची सगळी गोष्ट तिला सांगितली, तो कागद कपाटातून काढून दाखवला. तिला माहीतच नव्हतं. बाबांना असा कागद येऊ शकतो हेच तिला नवं होतं. बराच वेळ वाचून ती म्हणाली, 'बाबा, हे तर फक्त आकडे उलटे झालेत.' आम्ही म्हणालो, 'आणि तुझे?' मग तिनं कपड्यांच्या खालून फिजिक्सचा पेपर काढला.

तेव्हापासून घरात एकच नियम आहे. स्वतःला काही बोलायचं झालं, तर शेजारच्या मुलाला जे बोलाल त्याहून वाईट बोलायचं नाही. नियम रोज मोडतो. परवाच मोदकांची उकड सैल झाली आणि पुन्हा 'एवढंही जमत नाही' निघालंच. लेक हॉलमधून ओरडली, 'आई, शेजारच्या काकूंना असं म्हणाली असतीस का?' आईनं देवघरातून उत्तर दिलं, 'त्यांची उकड रोजच सैल असते, त्यांना कोणी काही म्हणत नाही.' शेजारच्या काकू इथेच बसल्या आहेत, त्यांची आम्ही आधीच परवानगी काढली आहे.

लेक बारावी झाली. मार्क कसे पडले हे आज सांगणार नाही. ते सांगितलं तर भाषणाचा निकाल पुन्हा मार्कांवरच लागेल. ती आज मागे प्रसादाच्या टेबलावर आहे. आणि मंगळागौरीची ती साडी तीन वर्षांनी आज बाहेर निघाली आहे. तुमच्यासमोर दुसऱ्या रांगेत बसली आहे.

घरी गेल्यावर एकच करा. आपल्या घरात कोण चुकलं तर चालतं आणि कोण चुकलं तर चालत नाही, एवढं मनातल्या मनात बघा. प्रश्नावली लागणार नाही.

आमच्या बोलण्यात काही चुकलं असेल तर आपण माफ कराल अशी खात्री आहे. आम्हीही स्वतःला करू.

गणपती बाप्पा मोरया!